शैक्षणिक आज्ञावली वर्गापर्यंत कशी पोहोचते?

शाळेत संगणक येतो त्या दिवशी गावात उत्साह असतो. नारळ फुटतो, यंत्राला हार घातला जातो, मुले दाटीवाटीने भोवती उभी राहतात. वर्ष-दोन वर्षांनी त्याच शाळेत जाऊन पाहावे तर यंत्र कपाटात असते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असते. कारण विचारले असता ‘चालत नाही’ असे उत्तर मिळते. वस्तुतः यंत्र पुष्कळदा धडधाकट असते, वीजही असते. चालत नसते ती यंत्रातील आज्ञावली. एके दिवशी ती उघडेनाशी होते, किंवा हवी ती मिळत नाही, किंवा मिळाली तरी बसत नाही. शिक्षकांपुढे तीस-चाळीस मुले बसलेली असतात आणि तासिका अर्ध्या तासाची असते. असा प्रसंग दोन वेळा आला की तिसऱ्या वेळी कपाट उघडले जात नाही.

हे टाळता येण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी आज्ञावली तयार करणाऱ्याच्या हातून निघून मुलाच्या हाती कोणत्या वाटेने येते आणि त्या वाटेवर ती कोठे अडते, हे शिक्षकांना ठाऊक असावयास हवे. प्रस्तुत लेखात त्या वाटेची माहिती दिली आहे.

तीन टप्पे

संगणकाने काय करावयाचे ते क्रमवार सांगणाऱ्या सूचनांचा संच म्हणजे आज्ञावली. हिलाच व्यवहारात सॉफ्टवेअर किंवा मोबाइलवर ॲप म्हणतात. मुलांसाठी लिहिलेली आज्ञावली कितीही उत्तम असली, तरी वर्गात उपयोगी पडण्यापूर्वी तिला तीन टप्पे ओलांडावे लागतात. पहिला टप्पा शोधाचा : अशी आज्ञावली आहे हे शिक्षकांना कळले पाहिजे व ती खात्रीच्या ठिकाणाहून मिळाली पाहिजे. दुसरा टप्पा स्थापनेचा : ती शाळेतील यंत्रावर नीट बसली पाहिजे. तिसरा टप्पा अद्ययावत ठेवण्याचा : तिच्यातील चुका सुधारल्या गेल्या, किंवा यंत्राची मूळ प्रणाली बदलली, तर नवी आवृत्ती शाळेपर्यंत आली पाहिजे आणि त्यात मुलांचे जुने काम नष्ट होता कामा नये.

पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत हे तिन्ही टप्पे शासनाची व्यवस्था सांभाळते. पुस्तक कोणते घ्यावयाचे ते ठरलेले असते, ते तालुक्याहून शाळेत येते, आणि नवी आवृत्ती निघाली की जुनी आपोआप मागे पडते. आज्ञावलीच्या बाबतीत ही व्यवस्था उशिरा आणि तुटक रीतीने उभी राहिली. ती कशी उभी राहिली हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून चांगले ध्यानात येते.

‘शुगर’ची पेटी

प्रत्येक मुलास एक स्वस्त संगणक मिळावा, या उद्देशाने अमेरिकेत निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या पुढाकाराने २००५ साली एक योजना सुरू झाली. तिच्या लहान, हिरव्या-पांढऱ्या संगणकाचे नाव ‘एक्सओ’ असे होते. भारतात हे संगणक २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत आले. त्या यंत्रावर मुलांसाठी खास तयार केलेली ‘शुगर’ नावाची प्रणाली होती. २००८ साली शुगरचे काम पुढे नेण्यासाठी ‘शुगर लॅब्ज’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि ती प्रणाली इतर संगणकांवरही चालू लागली.

शुगरमधील प्रत्येक आज्ञावलीस ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणजे उपक्रम असे नाव आहे. उदाहरणार्थ, ‘टर्टल आर्ट’ या उपक्रमात पडद्यावर एक कासव असते. ‘शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ ही सूचना मुलाने चार वेळा दिली की कासवाच्या मागे चौरस उमटतो. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात, हे मूल तेथे स्वतः करून पाहते. मुलाने केलेले प्रत्येक काम ‘जर्नल’ नावाच्या दैनंदिनीत आपोआप नोंदले जाते.

शुगरच्या रचनाकारांनी स्थापनेचा प्रश्न मोठ्या सोप्या रीतीने सोडविला. प्रत्येक उपक्रम एकाच बंद पेटीत, म्हणजे एका संकुचित फाइलीत, भरलेला असतो. या पेटीत एक छोटा माहितीचा कागद ठेवलेला असतो. त्यावर उपक्रमाचे नाव, त्याची वेगळी ओळख, आवृत्तीचा क्रमांक, त्याचे चिन्ह, तो सुरू करण्याची आज्ञा आणि त्याच्या वापराचा परवाना, एवढ्या मोजक्या गोष्टी लिहिलेल्या असतात. पेटी पेनड्राइव्हवर आणावी, दैनंदिनीतून उघडावी, की उपक्रम बसतो. संगणकाचा विशेष अभ्यास नसलेला शिक्षक, किंबहुना चौथीतील मूलही, हे करू शकते. जगभरच्या अशा पेट्या एका ठिकाणी मिळाव्यात म्हणून शुगर लॅब्जने इंटरनेटवर त्यांचे एक भांडार उघडले. शोध आणि स्थापना हे दोन टप्पे येथपर्यंत पुष्कळ सोपे झाले होते.

पाया बदलला म्हणजे काय होते

तथापि या सोप्या पेटीत एक उणीव होती. पेटीत उपक्रम होता, पण तो ज्या पायावर चालावयाचा तो पाया पेटीत नव्हता. तो यंत्रात असेल असे गृहीत धरले होते. आणि पाया कायम राहत नाही.

शुगरचे बहुतेक उपक्रम ‘पायथन’ या संगणकीय भाषेत लिहिलेले आहेत. या भाषेच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आणि सर्वांनी तिसऱ्या पिढीकडे वळावे असे ठरले. वरवर पाहता दोन्ही पिढ्या सारख्याच दिसतात. पण एक लहानसा फरक पाहावा. दुसऱ्या पिढीत ‘७ भागिले २’ असे सांगितले, तर उत्तर ३ येत असे. पूर्णांकाचा भागाकार पूर्णांकातच द्यावयाचा, अशी रीत होती. तिसऱ्या पिढीत उत्तर ३.५ येते. आता एखाद्या खेळात सोंगट्या मांडण्यासाठी किती ओळी हव्यात हे अशा भागाकाराने काढले असेल, तर जुन्या पायावर तीन ओळी मांडल्या जात. नव्या पायावर साडेतीन ओळी मांडण्याची पाळी येते आणि आज्ञावली तेथेच थांबते. मुलाला याचे कारण कळत नाही आणि शिक्षकांनाही कळत नाही. काल चालत होते ते आज चालत नाही, एवढेच दोघांना दिसते.

ज्या उपक्रमांची कोणी तरी काळजी घेत होते, ते दुरुस्त होऊन नव्या पायावर आले. ज्यांचे कर्ते मध्यंतरी दुसऱ्या कामास लागले होते, ते मागे राहिले. येथे परवान्याचे महत्त्व लक्षात येते. शुगरच्या उपक्रमांचे मूळ लेखन खुले असल्यामुळे कर्ता निघून गेला तरी दुसऱ्या कोणास ते उघडून दुरुस्त करता येते, व अनेक उपक्रम असेच स्वयंसेवकांच्या हातून सावरले गेले. बंद लेखनाची आज्ञावली कर्त्याने सोडली की दुरुस्तीची वाट खुंटते. म्हणून शाळेसाठी आज्ञावली निवडताना तिचा परवाना कोणता आहे हे पाहणे, पुस्तक घेताना त्याची बांधणी पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

भांडाराची पद्धत

हा प्रश्न सोडविण्याची एक जुनी रीत म्हणजे भांडार. १९९३ साली सुरू झालेली ‘डेबियन’ ही खुली प्रणाली या रीतीवर चालते. हजारो आज्ञावल्या एका भांडारात तपासून ठेवलेल्या असतात. प्रत्येकीस कोणता पाया लागतो याची नोंद तेथे असते. एक आज्ञावली मागितली की तिला लागणारे सर्व भाग तिच्याबरोबर आपोआप येतात. भांडाराच्या यादीवर अंकीय मोहोर असल्यामुळे माल वाटेत बदललेला नाही याची यंत्र स्वतः खात्री करून घेते. आणि नवी आवृत्ती आली की तीही त्याच वाटेने येते. नॉर्वेतील शाळांसाठी २००१ साली सुरू झालेला ‘स्कोलेलिनक्स’ हा प्रकल्प डेबियनच्याच पायावर उभा राहिला. संपूर्ण शाळेचे संगणक एकाच मध्यवर्ती यंत्रावरून सांभाळता यावेत, हा त्याचा हेतू होता.

भांडाराचा मोठा गुण स्थैर्य हा होय. त्याची मर्यादाही त्यातूनच येते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते. त्यामुळे एखाद्या उपक्रमात आज झालेली सुधारणा त्या वाटेने शाळेत पोहोचण्यास बराच अवधी लागतो. शिवाय प्रत्येक प्रणालीचे भांडार निराळे असते. मुलांच्या आज्ञावल्या लिहिणारे बहुधा थोडे आणि स्वयंसेवक असतात. त्यांनी एकच उपक्रम पाच भांडारांसाठी पाच वेळा बांधावा, ही अपेक्षा व्यवहारात पुरी होत नाही.

पाया सांगणारी पेटी

यावर अलीकडे निघालेला उपाय म्हणजे ‘फ्लॅटपॅक’ ही पद्धत. २०१६ साली तिला हे नाव मिळाले. हिच्यात आज्ञावली पेटीतच असते. परंतु ‘मला अमुक नावाचा, अमुक आवृत्तीचा पाया हवा’ असे पेटीवर स्पष्ट लिहिलेले असते. तो पाया यंत्रात नसल्यास प्रथम तो आणला जातो. एकाच यंत्रात दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे पाये शेजारी शेजारी नांदू शकतात. त्यामुळे एका आज्ञावलीसाठी पाया बदलला म्हणून दुसरी बंद पडत नाही. अनेक आज्ञावल्यांचा पाया एकच असेल, तर तो एकदाच आणावा लागतो. पेटीतील आज्ञावलीस यंत्रातील सर्व फाइलींना हात लावण्याची मोकळीकही आपोआप मिळत नाही. जेवढी परवानगी नोंदलेली असेल तेवढीच मिळते. शुगरचे अनेक उपक्रम आता ‘फ्लॅटहब’ या भांडारात या स्वरूपात ठेवलेले आहेत. त्यामुळे ज्या संगणकावर शुगर प्रणाली नाही, त्यावरही ते बसविता येतात.

ग्रामीण शाळेच्या दृष्टीने या पद्धतीतील दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली अशी की, नवी आवृत्ती आणताना संपूर्ण पेटी पुन्हा आणली जात नाही; जे भाग बदलले असतील तेवढेच उतरविले जातात. इंटरनेटची गती मंद असेल तेथे याचा मोठा उपयोग होतो. दुसरी अशी की, एका यंत्रावर बसविलेली आज्ञावली तिच्या पायासह पेनड्राइव्हवर उतरविता येते आणि इंटरनेट नसलेल्या यंत्रावर तेथून बसविता येते. केंद्रशाळेत जोडणी असेल आणि वाडीवरच्या शाळेत नसेल, तर केंद्रशाळेतून पेनड्राइव्ह नेऊन काम भागते. यासाठी दोन्ही यंत्रे एकाच जातीच्या प्रक्रियकाची असावी लागतात आणि आरंभी थोडी जुळणी करावी लागते. ती जाणकाराकडून एकदा करून घ्यावी.

ही पद्धतही सर्व चिंता मिटविणारी नाही. पहिल्या वेळी पाया उतरविताना शेकडो मेगाबाइट लागतात. पायांनाही आयुष्य असते. पुष्कळ उपक्रमांना लागणारा ‘नोम’चा पाया साधारण एक वर्षच सांभाळला जातो, व त्यानंतर तो जुना झाल्याची सूचना पडद्यावर येते. आज्ञावली लगेच बंद पडत नाही. पण तिच्या कर्त्यांनी तिला नव्या पायावर नेणे अवश्य ठरते.

सापडण्याचा प्रश्न

मुलांच्या आज्ञावल्या न सापडण्याचे एक कारण त्यांची नावे हे आहे. ‘जीकॉम्प्री’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभरावर उपक्रम असलेला हा खुला संच २००० साली ब्रुनो कुदोँ या फ्रेंच गृहस्थांनी सुरू केला. फ्रेंच भाषेत हे नाव उच्चारले की ‘मला समजले’ असे वाक्य कानी पडते. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. पण पहिलीच्या मुलांसाठी बेरजेचा खेळ शोधणाऱ्या मराठी शिक्षकास ते कसे सुचावे? २०२० सालापासून हा संच सर्व प्रकारच्या यंत्रांवर विनामूल्य मिळतो. तरीही तो नावाने शोधावयाचा म्हटले तर आधी कोणाकडून तरी कळलेला असावा लागतो.

म्हणून चांगल्या भांडारात प्रत्येक आज्ञावलीबरोबर एक परिचयपत्र असते : एका ओळीत उद्देश, थोडक्यात वर्णन, पडद्याची चित्रे, परवाना, कोणत्या वयास योग्य, आवृत्ती कधीची. हे परिचयपत्र निरनिराळ्या भाषांत देता येते. ते मराठीत असेल, तर ‘बेरीज’ किंवा ‘नकाशा’ असा शब्द घातला तरी योग्य वस्तू समोर येते. ते भाषांतरित करण्यास संगणकतज्ज्ञ लागत नाही. चांगले मराठी आणि वर्गाचा अनुभव पुरतो. खुल्या आज्ञावल्यांच्या कामात प्राथमिक शिक्षकांना भर घालता येईल अशी ही सर्वांत जवळची जागा आहे.

शोधाचा दुसरा मार्ग महाराष्ट्रातील एका शिक्षकाने दाखविला. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांनाच क्यूआर कोड जोडले. मोबाइलने कोड टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ मंचाची मांडणीही याच कल्पनेवर आहे. श्री. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या युक्तीचे मर्म असे की, शोधाचे ठिकाण शिक्षकाच्या हातात आधीपासून असलेल्या वस्तूवर, म्हणजे पुस्तकाच्या पानावर, आणले गेले. वस्तूचे नाव पाठ असण्याची गरज उरली नाही.

याच्या उलट जो मार्ग गावोगाव रूढ झाला आहे, तो धोक्याचा आहे. ओळखीच्या व्यक्तीने मोबाइलवर ॲपची फाइल धाडावी आणि ती तशीच सर्व टॅबवर बसवावी, हा तो मार्ग. फाइल कोठून निघाली हे कळत नाही, आणि नवी आवृत्ती तिला बहुधा आपोआप मिळत नाही. पुढे अधिकृत ठिकाणाहून तेच ॲप घ्यावयास गेले, तर दोन्हींवरील कर्त्याची अंकीय सही निराळी असल्यास अँड्रॉइड प्रणाली नवी आवृत्ती जुनीवर बसू देत नाही. मग जुने ॲप काढून टाकावे लागते आणि त्याबरोबर त्यातील मुलांचे कामही जाते.

अद्ययावत ठेवण्याची रीत

वर्गात दहा टॅब असतील, तर एकच आज्ञावली दहा वेळा उतरविणे म्हणजे दहापट खर्च व दहापट खोळंबा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोलिब्री’ या खुल्या शैक्षणिक संचाने या प्रश्नास वेगळे उत्तर दिले. शाळेतील एका संगणकावर संच व त्यातील धडे ठेवावयाचे. इतर टॅब वर्गातील स्थानिक जोडणीवरून नेहमीच्या ब्राउझरमध्ये तेच धडे उघडतात. बाहेरच्या इंटरनेटची जरूर पडत नाही. अद्ययावत करावयाचे ते एकच यंत्र. विहिरीवर प्रत्येकाने वेगळा पोहरा सोडण्याऐवजी एक टाकी भरावी आणि तिला दहा नळ लावावेत, तशी ही योजना आहे.

कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी नवी आवृत्ती आणण्यास काही शिस्त हवी. ती पुढीलप्रमाणे ठेवणे सोयीचे होईल.

१. चालू तासिकेत नवी आवृत्ती कधीही बसवू नये. आठवड्याचा एखादा दिवस शाळा सुटल्यानंतर त्यासाठी राखून ठेवावा.

२. प्रथम एकाच यंत्रावर बसवावी, दोन-तीन दिवस वापरून पाहावी, मगच इतर यंत्रांवर न्यावी.

३. त्यापूर्वी मुलांच्या कामाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. मुलाने आठवडाभर खपून काढलेले चित्र त्याच्या लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेइतकेच मोलाचे असते.

४. नवी आवृत्ती दिसली की घेतलीच पाहिजे असे नाही. सुरक्षिततेची दुरुस्ती असेल तर विलंब करू नये. केवळ रूप बदलले असेल तर सत्र संपेपर्यंत थांबण्यास हरकत नाही.

५. शाळेतील जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे आज्ञावल्यांचीही एक नोंदवही ठेवावी. तिच्यात नाव, कोठून घेतली, आवृत्ती क्रमांक, परवाना, बसविल्याची तारीख, कोणत्या इयत्तेस उपयोगी आणि आढळलेला दोष, असे सात रकाने पुरेत.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. शिक्षकांची बदली होते. यंत्र तेथेच राहते. नव्याने आलेल्या शिक्षकांना यंत्रात काय आहे व ते कोठून आले, हे सांगणारे कोणी नसेल, तर दोन-तीन वर्षांचे काम एका उन्हाळ्यात वाया जाते. नोंदवहीचे एक पान हे नुकसान वाचवू शकते. तसेच दोषाच्या रकान्यात लिहिलेली ओळ कर्त्यांना कळविली, तर ती त्यांच्या दृष्टीने अमूल्य असते. साडेतीन ओळींवर अडलेली आज्ञावली कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत व कोणते बटण दाबल्यावर अडली, हे वर्गात प्रत्यक्ष पाहिलेले शिक्षकच सांगू शकतात. दूर देशी बसलेल्या कर्त्यांना ते अन्यथा समजण्याचा मार्ग नाही.

हे सर्व करावयास फार वेळ लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास, एक पेनड्राइव्ह आणि एक शंभर पानी वही एवढ्यावर ते निभते. एवढी व्यवस्था झाली म्हणजे मुले तासिकेला बसतील तेव्हा कासव पडद्यावर हजर असेल, मागच्या आठवड्यात अर्धा राहिलेला चौरस दैनंदिनीत सापडेल, आणि कपाटाला कुलूप लावण्याचे कारण उरणार नाही.